हुडकेश्वरच्या यादीत आमची नावं

१५ जानेवारी २०२६ ला, संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, नागपूर महानगरपालिकेचं मतदान झालं. २०१७ नंतर पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे आमच्या हुडकेश्वरच्या ले-आउटमध्ये कितीतरी दिवस भोंगे फिरत होते. उमेदवार आमच्याही दारावर आले. हात जोडून "ताई, लक्ष असू द्या जी" म्हणाले, पत्रक देऊन पुढच्या फ्लॅटकडे गेले. मी पत्रक घेतलं आणि काहीच बोलू शकले नाही. घरात मत देण्याच्या वयाची आम्ही तीन माणसं, आणि तिघांपैकी एकाचंही नाव इथल्या यादीत नव्हतं.

आम्ही इथे काही वर्षांपासून भाड्याने राहतो. पावसाळ्यात गडर लाइन तुंबली की वास आमच्या स्वयंपाकघरात येतो. मुलगी ज्या रस्त्याने क्लासला जाते त्यावर रात्री दिवे नसतात. नगरसेवक कोण व्हावा हे ठरवण्याची गरज आमच्याइतकी कोणाला असेल? पण आमची नावं होती वर्धा जिल्ह्यात, आर्वी विधानसभेत, आमच्या गावच्या यादीत. तिथल्या शाळेत आमचं केंद्र.

नाव गावाला असलं तर बिघडलं काय, असं आधी आमच्याकडेही सगळे म्हणत. २०२४ च्या लोकसभेला त्याचं उत्तर मिळालं. नागपूर आणि रामटेकचं मतदान पहिल्या टप्प्यात, १९ एप्रिलला होतं. वर्ध्याचं दुसऱ्या टप्प्यात, २६ एप्रिलला. १९ ला नागपुरात सगळीकडे सुट्टी आणि आम्ही घरी बसून. २६ ला आम्हाला गावी जायचं, तर नागपूर नेहमीसारखं चालू. आमचे हे ज्या गोदामात काम करतात तिथे सुट्टी मागितली, तेव्हा "नागपूरचं मतदान होऊन गेलं न, आता कशाची सुट्टी?" असं सांगण्यात आलं. खरं म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५ब प्रमाणे जिथे मतदान आहे तिथल्या मतदाराला पगारी सुट्टी द्यावीच लागते, तो कामाला कुठेही असला तरी. हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी मी एकटीच गणेशपेठच्या स्टँडवरून आर्वीच्या एसटीत बसले, एप्रिलच्या उन्हात गावी जाऊन मत दिलं. यांचं मत राहून गेलं. भांडून का होईना जायला हवं होतं, असं ते अजून म्हणतात. मला मात्र वाटतं की दरवेळी भांडावं लागू नये. मत जिथे राहतो तिथे असावं.

तर पालिकेचा निकाल लागला, फटाके वाजले, आणि मी मनावर घेतलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण आमच्या फ्लॅट स्कीममध्ये निम्म्या लोकांना ती माहीत नव्हती. महापालिकेची स्वतःची वेगळी मतदार नोंदणी नसते. यादी एकच, विधानसभेची. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत वाटतो. या वेळी ती तारीख होती १ जुलै २०२५. म्हणजे भोंगे फिरायला लागल्यावर, डिसेंबरात, कोणी धावपळ करून अर्ज दिला असता तरी जानेवारीच्या मतदानाला त्याचा उपयोग नव्हता. लोकसभा-विधानसभेचं थोडं वेगळं आहे. तिथे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत यादीत नाव चढू शकतं, त्यानंतर यादी गोठते. पण अर्जाची तपासणी व्हायला दिवस लागतात, म्हणून त्या तारखेच्या बरंच आधी अर्ज आत गेलेला असावा लागतो. निवडणूक जाहीर झाल्यावर आठवण येण्यात अर्थ नाही.

आता प्रश्न आला, आम्ही कोणत्या मतदारसंघाचे? आधी आम्ही मानेवाड्याला राहायचो. ते दक्षिण नागपूर. तिथून इथे आलो तर रिक्षाच्या भाड्याइतकाच काय तो फरक. मी धरूनच चालले होते की आम्ही दक्षिण नागपूरचेच. १९५० या क्रमांकावर फोन केला आणि मतदार सेवेच्या संकेतस्थळावर आमच्या भागाचे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी, कोण ते पाहिलं, तर एका अंगणवाडी सेविका ताईंचं नाव निघालं. त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं ले-आउट हुडकेश्वर-नरसाळ्यात येते न, तर तुम्ही कामठीत. दक्षिण तिकडे मागंच संपलं."

मी दोनदा विचारून घेतलं. पण बरोबर होतं. हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आलं २०१३ मध्ये. विधानसभेच्या हद्दी त्याआधीच, २००८ च्या पुनर्रचनेत ठरलेल्या, तेव्हा ही गावं ग्रामपंचायतीत होती. म्हणून पालिकेला आम्ही नागपूरकर, विधानसभेला ५८ क्रमांकाच्या कामठीचे, आणि कामठी रामटेकमध्ये असल्याने लोकसभेला रामटेकचे. बेसा, बेलतरोडीच्या लोकांचंही असंच आहे, ते तर महापालिकेतही नाहीत. शहरात सहा विधानसभा आहेत: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर. पण शहराच्या कडेला राहणाऱ्याने आपण या सहांपैकी एकात आहोत असं गृहीत धरू नये. बीएलओला विचारावं, त्यांना गल्लीगल्ली माहीत असते.

फॉर्म कोणता, हे पुढचं. यात लोक फार गोंधळतात आणि चुकीच्या फॉर्ममुळे नाव दोन ठिकाणी होऊन बसतं. ज्याचं नाव देशात कुठेच नाही, त्याने सहा नंबरचा फॉर्म भरायचा. ज्याचं नाव आधीच कुठेतरी आहे आणि तो राहायला दुसरीकडे गेला, त्याने आठ नंबरचा. नावातली दुरुस्ती, हरवलेलं कार्ड, दिव्यांग म्हणून नोंद, हेही सगळं आता आठ नंबरमध्येच. २०२२ पासून ही सोय आहे. त्याआधी दुसऱ्या विधानसभेत गेलेल्या माणसाने पुन्हा सहा नंबरच भरायचा असे, आणि जुनं नाव जुन्या जागी तसंच राहून जायचं. आठ नंबरमध्ये आपला जुना कार्ड क्रमांक द्यावा लागतो, तीन अक्षरं आणि सात आकडे. त्यावरून नवीन जागी नाव चढतं तेव्हा जुन्या जागचं वगळलं जातं, आणि कार्डाचा क्रमांक तोच राहतो.

म्हणजे आम्हा नवरा-बायकोला आठ नंबर आणि मुलीला सहा नंबर. मुलगी मार्चमध्ये अठराची व्हायची होती. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असायला लागायची, नाहीतर पूर्ण वर्ष थांबा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज देता येतो. बीएलओ ताई म्हणाल्या, "पोरीचा आताच द्या, एक एप्रिलच्या हिशोबानं होऊन जाईल." तिला फार आनंद झाला. वर्गातल्या मैत्रिणींना तिने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं.

खरी अडचण आली ती पत्त्याच्या पुराव्याची. भाडेकरूंचं सगळं घोडं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॉर्मवर पत्त्याच्या पुराव्यांची यादी छापलेली असते. त्या पत्त्यावरचं पाण्याचं, विजेचं किंवा गॅस जोडणीचं बिल, जोडणी किमान वर्षभराची हवी. आधार. राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेचं नाहीतर पोस्टाचं चालू पासबुक. पासपोर्ट. शेतजमिनीचा महसुली दाखला. भाडेकरू असाल तर नोंदणीकृत भाडेकरार, आणि घर स्वतःचं असेल तर नोंदणीकृत खरेदीखत. हा पुरावा अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचा नसला तरी आई-वडील, नवरा-बायको, सज्ञान मुलं अशा जवळच्या नातेवाइकाचा चालतो.

आमच्याकडे काय होतं? विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. आधार दोघांचंही गावच्या पत्त्यावर, पासबुकंही तिथलीच. करारनामा होता, पण पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला. नागपुरात बहुतेक ठिकाणी हाच करतात. आमच्याच मजल्यावरच्या एका कुटुंबाचा अर्ज याच कारणाने नाकारला गेला होता. त्यांना वाटत होतं नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी. ती नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, आता घरबसल्या ऑनलाइनही होते, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायद्यात लिहिलेलं आहे.

मी काकांकडे गेले. आम्ही घरमालकांना काका म्हणतो. माणूस वाईट नाही, पण ऐकल्याबरोबर चेहरा बदलला. "वोटिंग कार्ड कशाला पाहिजे या पत्त्यावर? उद्या तुम्ही म्हणाल घर आमचंच आहे." त्यांच्या एका ओळखीच्याला भाडेकरूने कोर्टात नेलं होतं, ते त्यांच्या डोक्यात बसलेलं. मी त्यांना समजावलं की मतदार यादीतल्या नावाने घरावर कसलाही हक्क येत नाही. यादी फक्त एवढंच सांगते की हा माणूस इथे राहतो, आणि आम्ही इथे राहतो हे तर साऱ्या गल्लीला माहीत आहे. उलट करार नोंदवला तर त्यांचीच बाजू पक्की होते. त्यांना पटलं नाही. मुलाला विचारतो म्हणाले, आणि विषय तिथेच राहिला.

मला त्या रात्री खूप वाईट वाटलं, आणि रागही आला. मतदानाचा हक्क संविधानाने प्रत्येक सज्ञान नागरिकाला दिला. कलम ३२६. त्यात घर मालकीचं असावं असं कुठे आहे? इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण पाहून मताचा अधिकार मिळायचा. ती अट ज्यांनी काढून टाकली त्यांच्यातला एक मोठा माणूस या नागपुरात दीक्षाभूमीवर लाखोंना घेऊन उभा राहिला होता. त्याच शहरात माझं मत घरमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावं, हे मला सहन होत नव्हतं.

मार्ग निघाला तो स्वयंपाकघरातून. बीएलओ ताईंना मी फोनवर सगळी कागदं मोजून दाखवत होते, तर त्यांनी विचारलं, "गॅस कोणाच्या नावावर आहे?" गॅस माझ्या नावावर. इथे राहायला आलो तेव्हाच मी जोडणी नव्या पत्त्यावर करून घेतली होती, कारण त्याशिवाय सिलिंडर घरी येत नाही. वर्ष कधीच उलटून गेलं होतं. "मग झालं न ताई! तुमच्या गॅसच्या बिलावर तुमचं होते, साहेबांचं होते, पोरीचंही होते."

हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. माझं माहेर पुलगावचं. पहिल्यांदा यादीत नाव आलं ते तिथे, वडिलांच्या पत्त्यावर. लग्न झालं, नाव आर्वीच्या यादीत गेलं, सासऱ्यांच्या पत्त्यावर. कोणी विचारलं नाही, दिराने फॉर्म आणला आणि मी सही केली. या वेळी पहिल्यांदा माझ्या नावाच्या कागदावर आमच्या घराचा पत्ता सिद्ध झाला. आणि मुलीने सहा नंबरच्या फॉर्मवर नातेवाइकाचं नाव लिहायच्या जागी माझं नाव लिहिलं. तिथे वडील, आई, पती, पत्नी यांपैकी कोणाचंही एकाचं लिहिता येतं, बापाचंच लिहायला हवं असं नाही. यांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "बरोबर लिहिलं."

ज्याच्याकडे यादीतलं एकही कागदपत्र नाही, त्याचंही नाव येऊ शकतं, हे बीएलओ ताईंनीच सांगितलं. मग जागेवर जाऊन चौकशी करणं बंधनकारक असतं. ज्यांना घरच नाही, रस्त्यावर किंवा पुलाखाली झोपतात, त्यांच्यासाठी बीएलओने रात्री जाऊन पाहायचं की माणूस खरंच तिथे झोपतो का, आणि झोपत असेल तर तीच त्याची राहण्याची जागा. पुराव्याचा कागद मागायचा नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटला.

आता सासूबाईंचं. आम्ही तिघं म्हटलं त्यात तिसऱ्या त्या. हिवाळा-उन्हाळा आमच्याकडे, आणि पेरणीपासून दिवाळी होईपर्यंत गावी धाकट्या दिराकडे. मी त्यांच्यासाठीही आठ नंबरचा फॉर्म आणला होता. त्यांनी हातात घेतला आणि बाजूला ठेवला. "मी काहून कापू गावचं नाव? माह्यं घर तिथंच हाय. इथं मी पाहुनी."

आधी वाटलं, त्यांना शेताची भीती आहे. गावात अशी अफवा असतेच की यादीतून नाव गेलं तर सातबारा जातो, रेशन जातं. तसं काही होत नाही, हे मी सांगितलं. पण त्यांचं म्हणणं ते नव्हतंच. त्या खरोखर गावच्या. लोकप्रतिनिधित्वाचाच १९५० चा दुसरा कायदा आहे, त्यात कलम २० आहे, त्यात म्हटलंय की कुठे नुसतं घर मालकीचं असल्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ बाहेर राहिला म्हणून त्याचा रहिवास संपतही नाही. त्यांचं शेत, त्यांचे सणवार, त्यांच्या शेजारणी सगळं तिकडे. त्यांचं नाव तिथेच राहिलं, आणि तेच खरं होतं.

दिराचं मात्र वेगळं होतं. त्याचा फोन आला. "वहिनी, तुमचे दोन मतं इथून गेले त सरपंचकीत वांधे होतील. तिकडं नवं बनवा न, इथलं राहू द्या." गावात चार-दोन मतांवर ग्रामपंचायत फिरते, त्याची काळजी मी समजू शकते. पण दोन ठिकाणी नाव ठेवायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. त्याच १९५० च्या कायद्याचं कलम १७ आणि १८ तेच सांगतं: दोन मतदारसंघांत नाही आणि एकाच मतदारसंघात दोनदाही नाही. फॉर्मवर आपण सही करून लिहून देतो की माझं नाव दुसरीकडे नाही. ते खोटं निघालं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिक्षेचं राहू द्या, गावातल्या एखाद्या म्हातारीचं एक मत आणि आमची दोन-दोन, हे कोणत्या तोंडाने करायचं? दीर थोडे दिवस फुगून होता.

त्याच बोलण्यात आणखी एक निघालं. सासरे जाऊन दोन पावसाळे झाले, तरी त्यांचं नाव यादीत होतंच. मेलेल्या माणसाचं नाव काढायला सात नंबरचा फॉर्म. तो त्याच मतदारसंघातल्या मतदाराला देता येतो. म्हणजे आमची नावं आर्वीतून निघाल्यावर आम्हाला तो देता आला नसता. सासूबाईंना देता येत होता. मला त्यांना विचारायला जीभ रेटेना. यांनीच विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्याइचं मत त्याइनंच देल्लं पायजे. ते नाहीत, त मंग कोनंच नाही देल्लं पायजे." मृत्यूचा दाखला पेटीतून स्वतः काढून दिला, फॉर्मवर सावकाश सही केली, आणि दिराने तो गावच्या बीएलओकडे पोचवला. आमच्या सगळ्या कागदांमध्ये हा एक कागद मला सर्वांत मोठा वाटतो. कोणाच्या घरी असं नाव राहून गेलं असेल तर कृपा करून तेवढं करा.

अर्ज ऑनलाइन देता येतात, मोबाइल ॲपवरूनही. आम्ही कागदावरच दिले, कारण एकाच गॅसच्या बिलावर तीन अर्ज होते आणि ताई समोर बसून पाहून घेणार होत्या. फॉर्म मोफत असतो. चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याने पैसे सांगितले होते, ते द्यायचे नसतात, त्याच्या टायपिंगचे देत असाल तर गोष्ट वेगळी. सोबत जोडायच्या प्रतींवर स्वतःची सही करायची. मुलीच्या अर्जाला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आणि वयाचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र लावलं. फॉर्मच्या खालचा पावतीचा तुकडा फाडून त्या सही करून देतात, तो सांभाळून ठेवायचा.

नाव मराठीत कसं लिहिलंय ते डोळ्यात तेल घालून पाहा. इंग्रजी टाइप केलं की मराठी आपोआप उमटतं आणि त्यात ळ चा ल होतो, ण चा न होतो. आमच्या आडनावात ळ आहे, जुन्या यादीत यांचं नाव कितीतरी वर्षं चुकीचंच होतं. ते याच वेळी आठ नंबरवर दुरुस्त करून घेतलं.

मग ताई घरी आल्या. एका रविवारी दुपारी, अंगणवाडीचं काम संपवून, स्कूटीवर. शेजारी विचारलं, आम्ही इथेच राहतो का. घरात आल्या, मुलीला तिचंच नाव आणि जन्मतारीख विचारली, मोबाइलमध्ये टिपून घेतलं. चहा घेता घेता सांगत होत्या की काही दारांवर लोक त्यांना बाहेरच उभं करतात, कुत्रं सोडतात, एका ठिकाणी तर "विकायला काय आणलं?" असं विचारलं. बारा-चौदाशे मतदारांचा एक भाग, प्रत्येक दार त्यांनी वाजवायचं, आणि हे सगळं त्यांच्या मूळ कामाच्या वर. मला वाटतं आपल्या यादीतल्या चुकांबद्दल बोलताना या बायकांना आधी पाणी विचारावं.

अर्ज आले की त्यांची यादी कार्यालयात लावतात, आणि कोणाला हरकत असेल तर नोंदवायला सात दिवस असतात. त्याच्या आत निर्णय होत नाही, म्हणून लगेच रोज तपासून उपयोग नाही. अर्ज क्रमांकावर स्थिती दिसते. आमचे आधी "बीएलओकडे", मग "पडताळणी झाली", मग "मंजूर" असे सरकत गेले. मुलीचा १ एप्रिलनंतर. कार्डं पोस्टाने आली. आमचे क्रमांक जुनेच, मतदारसंघ नवा: ५८, कामठी. मुलीच्या कार्डावर आईचं नाव. तिने ते कार्ड घेऊन थेट यादीत नाव शोधलं, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत लिहून ठेवला. तेच बरोबर आहे. कार्ड हातात असूनही यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. उलट यादीत नाव असेल आणि कार्ड सापडत नसेल, तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक यांवर देता येतं.

यांच्यासाठी एक काम अजून शिल्लक आहे. ते पदवीधर आहेत. नागपूर विभागाच्या पदवीधर मतदारसंघाची यादी या नेहमीच्या यादीतून तयार होत नाही. तिला अठरा नंबरचा वेगळा फॉर्म लागतो, १ नोव्हेंबरच्या आधी पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत, आणि दर निवडणुकीला ती यादी कोरी सुरू होते. मागच्या वेळी, २०२० मध्ये नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नाही.

मजल्यावरच्या त्या कुटुंबाला मी सांगितलं की अर्ज नाकारला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथेही झालं नाही तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. त्यांची पंधरा दिवसांची मुदत तर टळून गेली होती. मग त्यांनी पोस्टात बचत खातं उघडलं होतं त्याचं या पत्त्याचं पासबुक काढलं आणि नवा अर्ज दिला. तो मंजूर झाला.

खालच्या मजल्यावर गोंदियाच्या तीन मुली राहतात, नर्सिंग करतात. शिकायला बाहेर राहणाऱ्यांना घरच्या पत्त्यावर किंवा राहत्या जागी, कुठेही एका ठिकाणी नाव ठेवता येतं. दोघींनी गोंदियाच ठेवलं. तिसरी म्हणाली, मी इथेच नोकरी करणार आहे. तिचं नाव अजून कुठेच नव्हतं. तिचा सहा नंबरचा अर्ज परवा भरून दिला, पत्त्याचा कागद तिच्याकडे एकही नाही, म्हणून ताई येत्या रविवारी स्वतः येऊन पाहणार आहेत. तिला दुपारी घरी थांबायला सांगितलंय.